दुसऱ्या ‘वाय’ची बदनामी

स्कॉटलंडमधील कारस्टेअर्स येथे हिंसक किंवा धोकादायक वर्तनाच्या मनोरुग्णांसाठी कडक बंदोबस्ताचे सरकारी रुग्णालय होते. पॅट्रिशिया जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १९७ पुरुषांची गुणसूत्रे तपासली. काम किचकट होते: रक्तातील पेशी वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवायच्या, सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र काढायचे आणि कात्रीने कापलेली गुणसूत्रे जोडीजोडीने लावायची. सात जणांत एक जादा ‘वाय’ गुणसूत्र सापडले. निष्कर्ष १९६५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, शीर्षकातच आक्रमक वर्तनाचा उल्लेख होता.

खरी गोम निवडीत होती. एरवी हे जादा गुणसूत्र हजारांतील साधारण एका पुरुषात असते, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. कोठडीतल्या सातांवरून बाहेरच्या हजारोंची परीक्षा झाली.

वृत्तपत्रांना मात्र खलनायक मिळाला. शिकागोत १९६६ मध्ये आठ तरुणींची हत्या करणाऱ्या रिचर्ड स्पेकमध्ये जादा ‘वाय’ असल्याचे छापून आले. ते साफ खोटे होते; तरी काही पाठ्यपुस्तकांतही ते शिरले.

१९७६ मध्ये संशोधक विटकिन आणि सहकाऱ्यांनी कोपनहेगनमधील ४,१३९ उंच पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. जादा ‘वाय’चे बारा निघाले. त्यांतील पाच जणांना शिक्षा झाली होती. हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त, पण गुन्हे बहुतांशी किरकोळ होते. हिंसकपणाचा आरोप या आकडेवारीपुढे टिकला नाही.