पद्मिनी, पालिओ आणि यंत्राचे म्हातारपण

जुनी मोटार बाळगणे परवडते का, या प्रश्नाचे उत्तर नागपुरात बहुधा रुपयांतच दिले जाते. क्लच प्लेटला इतके, टायरला इतके, पेट्रोलला इतके. हा हिशेब खोटा नाही. पण आमच्या मते तो अपुरा आहे. वीस-बावीस वर्षांच्या गाडीवर होणारा खर्च केवळ तिच्या झिजेतून निर्माण होत नाही. ती घडवणाऱ्या कारखान्याचे, ती दुरुस्त करणाऱ्या हातांचे आणि तिच्याकडे पाहणाऱ्या शासनाचे काय झाले, यावरही तो ठरतो. महाराष्ट्रात घडलेल्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या, तर हे विशेष स्पष्ट होते.

पहिली गाडी सर्वांच्या परिचयाची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून येथे तयार होणारी फियाट ११०० ही गाडी १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इटालियन यंत्राला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. जायसीच्या सोळाव्या शतकातील काव्याची नायिका अशी गॅरेजमध्ये आली. इंजिन १०८९ सीसीचे, शक्ती साधारण चाळीस अश्वशक्तीची. शतक संपेपर्यंत तिच्यात फार मोठे बदल झाले नाहीत. टीकाकारांनी याला साचलेपण म्हटले आणि ते योग्यच होते. परंतु या साचलेपणाचा एक लाभही होता. तिचा सुटा भाग कोठेही मिळे आणि मिस्त्रीच्या एका पिढीचे ज्ञान दुसऱ्या पिढीला जसेच्या तसे उपयोगी पडे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ही परंपरा दीर्घकाळ जिवंत ठेवली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती रस्त्यावरून गेली.

दुसरी गाडी म्हणजे फियाट पालिओ. तीही कुर्ल्याचीच, पण वेगळ्या काळाची. उदारीकरणानंतर फियाट स्वतःच्या नावाने येथे उतरली आणि २००१ मध्ये पालिओ बाजारात आली. सिएना या इटालियन नगरात दर उन्हाळ्यात दोनदा घोड्यांची शर्यत होते. तिच्या विजेत्याला दिल्या जाणाऱ्या ध्वजावरून हे नाव घेतले होते. नावाला शोभेल अशी तिची १.६ लिटरची आवृत्ती निघाली. इंजिन १५९६ सीसीचे, झडपा सोळा, शक्ती सुमारे शंभर अश्वशक्तीची. त्या काळच्या छोट्या गाड्यांत एवढी ताकद दुर्मीळ होती. सचिन तेंडुलकर तिचे जाहिरातदूत होते आणि त्यांच्या नावाने एक मर्यादित आवृत्तीही काढली गेली.

आता ही गाडी वीस वर्षांनी कशी दिसते, ते पाहू. चपळ गाडीचे गुण हेच म्हातारपणी तिचे दोष ठरतात. वळणावर घट्ट बसणारे सस्पेन्शन बुश सैल होतात, लोअर आर्म वाजू लागतो. टायमिंग बेल्ट ठरल्या मुदतीत बदलावाच लागतो. सोळा झडपांच्या अशा इंजिनात तो चालत्या गाडीत तुटला, तर झडपा पिस्टनवर आदळून वाकण्याचा धोका असतो आणि एका पट्ट्याची काटकसर संपूर्ण हेड उघडण्यापर्यंत जाते. त्यात नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू झाला नाही तर हेड गॅस्केट जायला वेळ लागत नाही. रबरी नळ्या तडकतात, डॅशबोर्डचे प्लॅस्टिक ठिसूळ होते, एसीचा गॅस गळतो. पद्मिनीत तार बांधून वेळ निभावता येई. पालिओचे इंजिन संगणकीय नियंत्रणावर चालते. एखादा सेन्सर बिघडला, तर तारेचा काही उपयोग होत नाही.

नेहमीचा खर्चही कमी नाही. शहरात १.६ पालिओचे ॲव्हरेज लिटरला दहा किलोमीटरांच्या आसपास. वर्षाला पाच हजार किलोमीटर धरले, तरी पाचशे लिटर पेट्रोल लागते; शंभराच्या वर गेलेल्या दराने पन्नास हजारांहून अधिक रुपये झाले. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ३,४१६ रुपयांना पडतो, त्यावरील गाडीचा ७,८९७ रुपयांना. हौसेचे ते ९६ सीसी येथे दरवर्षी वसूल होतात.

तथापि सर्वांत मोठा खर्च यांपैकी कशातच नाही. तो पोरकेपणाचा आहे. फियाटचे उत्पादन कुर्ल्याहून पुणे जिल्ह्यातील रांजणगावला गेले, टाटांशी भागीदारी झाली, विक्रीच्या वाटा जुळल्या आणि पुन्हा वेगळ्या झाल्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली, तोवर फियाट हे नाव भारतीय विक्रीकेंद्रांतून मावळले होते. रांजणगावचा कारखाना आजही चालतो, पण त्यातून जीप बाहेर पडते. पद्मिनीच्या मागे टॅक्सीवाल्यांचा समाज होता, पालिओच्या मागे तसा समाज उभा राहिला नाही. म्हणून एखादा भाग हवा असेल तर नागपूरच्या मालकाला मुंबई-पुण्याकडे चौकशी करावी लागते किंवा भंगारात निघालेल्या दुसऱ्या पालिओची वाट पाहावी लागते. एक गाडी दुसरीच्या मरणावर जगते.

या कथेतला तिसरा पक्ष शासनाचा, आणि त्याचा नागपूरशी जवळचा संबंध आहे. नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी १८ मार्च २०२१ रोजी लोकसभेत वाहन मोडीत काढण्याचे धोरण मांडले. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर निराळा. याच सुमारास देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले; जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले आहे.

जुनी गाडी अधिक धूर सोडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. उन्हात होरपळणाऱ्या शहराने हवेची काळजी करायलाच हवी. आमचा आक्षेप मोजमापाला आहे. शुल्काची पायरी जन्मवर्ष पाहून चढते. नीट राखलेली, वर्षाकाठी दोन हजार किलोमीटर चालणारी गाडी आणि काळा धूर ओकणारी गाडी तिला सारखीच. धूर मोजण्याचे यंत्र उपलब्ध असताना केवळ वय मोजणे हा सोयीचा न्याय आहे.

हस्तलिखिताबाबत आपण वाङ्मयाचे विद्यार्थी एक गोष्ट जाणतो. कागद टिकला तरी लिपी वाचणारा उरला नाही, तर पोथी मुकी होते. मोडी दप्तरांच्या बाबतीत महाराष्ट्राने हे अनुभवले आहे. यंत्राचेही तसेच. इंजिनाचा आवाज ऐकून झडपांतले अंतर चुकले आहे हे सांगणारा मिस्त्री हा त्या यंत्राचा वाचक असतो. त्याचे ज्ञान कोठे लिहिलेले नसते. पालिओ महाग झाली ती तिचे वाचक कमी झाले म्हणून. ती ठेवावी की मोडीत द्यावी, हे ज्याने त्याने आपल्या खिशाकडे पाहून ठरवावे. मात्र कुर्ल्यात काय घडले आणि ते दुरुस्त कसे केले जाई, याची नोंद त्या मिस्त्र्यांच्या हयातीतच कोणीतरी करायला हवी. आमच्या विद्यापीठांतून मौखिक परंपरांवर प्रबंध लिहिले जातात. त्यांत एखादा गॅरेजवरही असावा.