चाकोरीबाहेरच्या लेकी-सुना

नणंद आणि भावजय हे दोन शब्द शेजारी आले की मराठी माणूस कान टवकारतो. आता काहीतरी खमंग ऐकायला मिळणार! जात्यावरच्या ओव्यांनी आणि भोंडल्याच्या गाण्यांनी या नात्याची अशी काही ख्याती करून ठेवली आहे की, या दोघींनी एका चुलीवर गुण्यागोविंदाने स्वयंपाक केला तरी ती बातमी व्हावी. मग एका भावजयीने आपल्या दोन नणंदांना मोटारीत बसविले आणि धड रस्ता नसलेल्या मुलखातून अख्खे खंड ओलांडले, असे मी म्हटले, तर वाचक मला कथाविभागात जाऊन बसायला सांगतील. पण ही कथा नव्हे. हा इतिहास आहे, आणि तो १९०९ सालचा आहे.

तो सांगण्यापूर्वी आमच्या सेलूच्या मातीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. परभणी जिल्ह्यातले आमचे हे गाव कापसाचे आणि ज्वारीचे. निजामाच्या अमदानीत इथे रेल्वे आली, म्हणून मनमाड आणि हैदराबाद जवळ झाली. पण शेजारच्या खेड्याला जायचे तर बैलगाडीच. चाकोरी हा शब्द आज आपण माणसाच्या वागण्याला लावतो. मूळचा तो गाडीवाटेचा. चाके जाऊन जाऊन मातीत जे दोन चर पडतात, ती चाकोरी. उन्हाळ्यात तिच्यात चाक आपोआप चालते. पावसाळ्यात मात्र काळी माती चाकाला अशी मिठी मारते की बैलांनी गुडघे टेकावेत. अशा वेळी चाकोरी सोडून बाहेरून गाडी काढायची असते, आणि ते ज्याला कळते तोच खरा वाटाड्या.

माझ्या आजेसासूबाईंना ते कळत असे. छकड्यात आत बसून, बाहेरचे काही दिसत नसतानाही, चाकाच्या आवाजावरून त्या गाडीवानाला सांगत, "डावीकडून घे रे बाबा, म्होरं गाळ हाय." कोणती पाणंद दसऱ्यापर्यंत वाळत नाही, ओढा कुठे उथळ आहे, कोणत्या बाभळीपाशी वळायचे, हे शेतावर भाकरी नेऊन नेऊन त्यांना पाठ झाले होते. गाडी सुखरूप घरी पोहोचली की शाबासकी मात्र गाडीवानाला. बाई ती काय, नुसती बसून आलेली!

आता अमेरिकेकडे वळू. न्यू जर्सी राज्यातल्या हॅकेनसॅक गावी ॲलिस रॅमसे नावाची एक तरुण गृहिणी राहत होती. नवरा वकील. एकदा भरधाव मोटारीला तिचा घोडा बुजला, तेव्हा घोड्यापेक्षा मोटारच बरी असा विचार करून नवऱ्याने तिला मोटार घेऊन दिली. स्वतः त्याला त्या यंत्राची गोडी नव्हती. ही मात्र पहिल्याच उन्हाळ्यात हजारो मैल हिंडली आणि लांब पल्ल्याच्या एका शर्यतीतही उतरली. तिचा हात पाहून मॅक्सवेल या मोटार कंपनीने प्रस्ताव मांडला : आमची गाडी घे आणि न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन दाखव. कंपनीचा हिशेब उघड होता. बाईला जमले तर कोणालाही जमेल, अशी जाहिरात तिला हवी होती! स्तुतीच्या आत दडलेला हा अपमान ॲलिसने खिशात घातला आणि प्रवासाची तयारी सुरू केली.

तिचे वय तेव्हा बावीस. घरी लहान मूल. बरोबर कोण? तर नवऱ्याच्या दोन बहिणी, नेटी पॉवेल आणि मार्गारेट ॲटवुड. दोघीही चाळिशी ओलांडलेल्या, टापटिपीच्या. चौथी हर्मिन यान्स ही एकोणीस वर्षांची मैत्रीण. चौघींपैकी मोटार हाकता येई ती एकट्या ॲलिसला. ९ जून १९०९ रोजी भर पावसात त्या न्यूयॉर्कहून निघाल्या. त्याच वर्षी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहत होते आणि बायकांनी घराबाहेर पडून शिकावे की नाही यावर आपल्याकडे वाद झडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे काळाचा अंदाज येईल.

वाट सुमारे ३,८०० मैलांची. त्यांपैकी पक्का रस्ता होता अवघा १५२ मैल! बाकी सारी आमची पाणंद. पूर्वेकडच्या भागापुरते 'ब्लू बुक' नावाचे वाटांचे पुस्तक मिळे. अमुक मैलांवर पिवळे घर लागेल, तिथे डावीकडे वळा, अशा त्यातल्या सूचना. एका ठिकाणी या बायकांना ते पिवळे घर काही केल्या सापडेना. चौकशी केली तेव्हा कळले की, घरमालकाला मोटारींचा तिटकारा, म्हणून त्याने मोटारवाल्यांची फसगत व्हावी यासाठी घराला हिरवा रंग दिला होता! मिसिसिपी नदीपलीकडे तर ते पुस्तकही संपले. मग त्या तारांच्या खांबांकडे पाहू लागल्या. जिथे वाट फुटे तिथे ज्या खांबांवर तारा जास्त, तिकडे वळायचे. कारण जास्त तारा म्हणजे पुढे मोठे गाव. आमच्या आजेसासूबाईंनी या युक्तीला नक्की मान डोलावली असती.

आयोवा राज्यात पावसाने गाठले. तिथली मातीही काळी, कसदार आणि चिकट. ३६० मैल तुडवायला १३ दिवस लागले. हे अंतर सेलूहून मुंबईला जाण्याएवढे, किंबहुना थोडे अधिकच. गाडी रुतली की घोडे जुंपून ओढून काढायची. एका ओढ्याला पूर आला तेव्हा तो उतरेपर्यंत गाडीतच बसून रात्र काढली. इंजिन तापून पाणी मागू लागले तेव्हा भांडे मिळेना. म्हणून बरोबरच्या बायकांनी आपल्या सामानातल्या, दातांचे ब्रश ठेवायच्या नक्षीदार काचेच्या नळ्या काढल्या आणि चरातले पाणी त्यांतून घोट घोट आणून इंजिनाची तहान भागविली. संसार केलेल्या बाईचे डोके असे चालते. ॲलिसने प्रवासात अकरा वेळा टायर बदलले, तुटलेले ब्रेकचे पायटे दुरुस्त केले. नेवाडाच्या उजाड माळावर धनुष्ये ताणलेले आदिवासी घोडेस्वार चौफेर दौडत आले, तेव्हा चौघींच्या पोटात गोळा आला; पण ते स्वार निघाले होते एका सशाच्या मागे! शेवटी ७ ऑगस्टला, ५९ दिवसांनी, गाडी सॅन फ्रान्सिस्कोत शिरली. अमेरिका खंड मोटारीने पार करणारी ॲलिस ही पहिली स्त्री ठरली. १९६१ साली तिने या प्रवासावर पुस्तक लिहिले. १९८३ मध्ये, शहाण्णव वर्षांची होऊन ती वारली.

नणंद-भावजयांनी वाट पाडली, तिच्यावरून पुढे मायलेकी गेल्या. १९१५ साली एफी हॉचकिस या मुलीने फटफटीला बाजूगाडी जोडली, तीत आपल्या धिप्पाड आईला, एव्हिसला बसविले आणि न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्को गाठून परत घरी आणले. वाटेत टायरमधल्या ट्यूब संपल्या, तेव्हा घोंगडे फाडून त्याच्या पट्ट्या टायरमध्ये कोंबल्या. पुढच्याच वर्षी ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्युरेन या सख्ख्या बहिणी दोन फटफट्यांवरून निघाल्या. सैन्यात निरोप पोहोचविण्याचे काम बायकाही करू शकतात हे त्यांना सिद्ध करायचे होते. चौदा हजार फुटांहून उंच असे पाइक्स शिखर त्या चढल्या. पुरुषी पोशाख केला म्हणून त्यांना अटकही झाली. सॉल्ट लेक सिटीपलीकडच्या वाळवंटात त्या वाट चुकल्या, जवळचे पाणी संपत आले, आणि दैवयोगाने एक खनिजे शोधत हिंडणारा माणूस भेटला म्हणून वाचल्या. एवढे करूनही सैन्याने त्यांना घेतले नाही. ते साल १९१६, अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले तेच. अमेरिकन स्त्रियांना देशभर मताचा अधिकार मिळाला तो १९२० मध्ये. म्हणजे खंड ओलांडणे जमले होते, मतपेटीपर्यंतचे अंतर उरले होते.

या बायांच्या साहसाचे आता रीतसर खेळ झाले आहेत. मोरोक्कोच्या वाळवंटात १९९० पासून केवळ स्त्रियांची 'गझेल' रॅली भरत आली आहे. तिथे वेगाला किंमत नाही. कमीत कमी अंतर कापून सगळे टप्पे गाठील ती जोडी जिंकते. २०१६ साली एमिली मिलर या बाईंनी पश्चिम अमेरिकेत 'रेबेल' रॅली सुरू केली. सुमारे अडीच हजार किलोमीटरचा पल्ला, आणि निघताना मोबाइल फोन काढून घेतात! हाती उरतो नकाशा आणि होकायंत्र. एकीने चाक धरायचे, दुसरीने वाट सांगायची. आपल्याकडे मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने बायकांसाठी आंबी व्हॅलीपर्यंत रॅली भरविल्या. त्या डांबरी रस्त्यावरच्या खऱ्या, पण जोडीचे मर्म तेच. तिथे उशिरा पोहोचले तर गुण जातात, आणि लवकर पोहोचले तरी जातात.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती चाकाशेजारची जागा. चाक धरणारीचे नाव राहते, हे जगाच्या रीतीला धरूनच आहे. पण निर्जन माळावर वाट चुकते तेव्हा "उजवीकडे" म्हणणारीला आपल्या शब्दावर विश्वास लागतो, आणि वळणारीला त्या शब्दावर त्याहून अधिक विश्वास लागतो. चूक झाली तर दोघींची. रागावून उतरून जायला तिथे माहेर नसते. परक्या माणसांत हा विश्वास जोडावा लागतो. एका घरात नांदणाऱ्या बायकांनी तो भांडता भांडता कमावलेला असतो. कोण कधी गप्प बसते, कोण खरी घाबरली आहे, हे त्यांना सांगावे लागत नाही. आजवर ही विद्या आपण स्वयंपाकघरातच जिरवली आणि तिला विद्या असे नावही दिले नाही.

भाऊबीजेला घरोघर नणंदा माहेरी येतील. सेलूतही आता मोटारी पुष्कळ झाल्या आहेत आणि चाकावर बसणाऱ्या सुनाही दिसतात. फराळ आटोपला की एकदा भावजयीने गाडी काढावी, नणंदेला शेजारी बसवावे, मोबाइल फोन घरातल्या पुरुषमंडळींच्या हवाली करावा आणि दुधनेच्या बाजूला एखाद्या पाणंदीत शिरावे. दोघी वाट चुकतील, थोड्या भांडतील आणि तिन्हीसांजेला परत येतील. विचारले तर सांगणार नाहीत. पण त्या दिवसापासून त्या एका गाडीच्या झालेल्या असतील.