कपबशी आणि दाखला

माझे आजोबा चांद्याच्या बाजाराला पायी येत. वाटेतल्या एका हॉटेलाबाहेर कोनाड्यात कान तुटलेली कपबशी असे, ती आमची. चहा वरून ओतला जाई आणि कप आपणच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. आजोबा त्या गर्दीत होते. परतताना त्या हॉटेलापाशी थांबलो नाही, एवढेच ते सांगत.

या कपबशीविरुद्धचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाच्या चौथ्या कलमात उपाहारगृहातील प्रवेशाबरोबर तिथली भांडी वापरण्याचाही उल्लेख आहे. धंदा-व्यवसायाला आडकाठी करणेही त्यात आले. पण 'नोकरी' हा शब्द त्या कलमात पडला तो १९७६ च्या दुरुस्तीने. आपल्या माणसाने कप हातात घ्यावा, हे आधी मान्य झाले. त्यानेच पगारावर चहा गाळावा, हे स्पष्ट लिहायला आणखी एकवीस वर्षे लागली.

हॉटेल कामगाराच्या आरोग्य-दाखल्याचा इतिहास याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडतो. न्यूयॉर्कमध्ये १९०७ साली मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीला धरून एकांतात ठेवले गेले. ती धडधाकट होती, पण विषमज्वराचे जंतू तिच्या पोटात होते. दोन खेपांत मिळून तिची सव्वीस वर्षे अशी कोंडण्यात गेली. तिच्यासारखे इतर वाहकही सापडले, त्यांच्या वाट्याला हे आले नाही. परक्या देशातली, एकटी, दुसऱ्याच्या चुलीवर राबणारी बाई होती ती.

तरीही मेरीच्या प्रकरणाने एक गोष्ट पक्की केली. जंतू विष्ठेतून हाताला आणि हातातून अन्नाला लागतो. सोवळे नेसलेल्या आचाऱ्याने साबणाने हात धुतले नसतील तर त्याच्या सोवळ्याला जंतू विचारत नाही. आपल्याकडे हजारो वर्षे शुद्धता जन्मावरून मोजली. तिला शास्त्रात कधीच आधार नव्हता.

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नियम २०११ मध्ये लागू झाले. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आतड्याच्या रोगांविरुद्ध लस त्यांत आहे. (अशा ठरावीक तपासण्यांचा फारसा उपयोग नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८९ मध्येच म्हटले होते. हात धुवायला पाणी आणि साबण असणे अधिक मोलाचे.)

माझ्या चुलतभावाने गेल्या वर्षी हा दाखला काढला. गडचिरोलीच्या आतल्या भागातून येऊन, एक रोज बुडवून, पदरच्या पैशाने. मी तो कागद वाचला. त्यावर त्याचे नाव, हॉटेलाचे नाव, डॉक्टरांची सही, 'संसर्गजन्य रोग नाही'. जातीचा रकाना नाही. मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

आठवडाभर तो भट्टीवर होता. मग गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी त्याचे आडनाव विचारले. दुसऱ्या दिवसापासून तो मागच्या मोरीवर भांडी घासतो. पगार तोच आहे, असे मालक सांगतात.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतल्या भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावे असा आदेश दिला. हॉटेलासाठी असे काही नाही. तिथे १९५५ चे तेच कलम आहे आणि तक्रार करणाऱ्याची नोकरी आहे. पुढच्या महिन्यात दाखल्याचे वर्ष संपते. तपासणीची व्यवस्था मालकाने करायची असते, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "दादा, आधी भट्टी मागू की पैसे?"