स्कुबातला 'बेंड्स' : आधी काय करायचं, नंतर घर कसं सावरायचं

मालवण, तारकर्ली, देवबागला स्कुबावर कितीतरी घरं चालतात. पर्यटक एकदाच खाली जातो, गाईड पोरगा दिवसातून अनेकदा. म्हणून 'बेंड्स' काय ते त्याच्या घरच्यांना माहीत पाहिजे.

पाठीवरच्या टाकीला सगळे ऑक्सिजन म्हणतात, पण त्यात बहुधा साधी हवाच दाबून भरलेली असते. खोल पाण्यात त्यातला नायट्रोजन अंगात मुरतो. माणूस झपकन वर आला की गोटी सोड्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकणे, मुंग्या येणे, पाय लुळे पडणे, लघवी अडकणे ही लक्षणं बहुतेकदा २४ तासांच्या आत दिसतात.

लकवा समजून मालीश करत बसू नका. आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन लावा, १०८ ला फोन करा आणि 'डायव्हिंग केलंय' हे आधी सांगा. खरा उपचार रिकॉम्प्रेशन चेंबरमध्येच. घाट चढून किंवा विमानाने नेण्याआधी डॉक्टरांना विचारा. उंचीवर बुडबुडे वाढतात.

मणक्यावर परिणाम झाला तर सावरायला महिने लागतात. काही जण पुन्हा चालतात, काहींना कुबडी राहते. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. एकट्या बायकोला हे झेपत नाही, वाडीने रात्रीच्या पाळ्या लावाव्यात. फिजिओथेरपीला नेणारी रिक्षा ही खरी मदत, फळांच्या पिशव्या नंतर. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर यूडीआयडी कार्ड काढा, संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसीलला करा. दवाखान्याचे सगळे कागद त्यासाठी जपून ठेवा.