तांड्यांच्या वाटेवर सायकलने

लांब पल्ल्याच्या सायकलयात्रेचा विषय निघाला की विदर्भात बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानाची आठवण हटकून होते. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून सायकलींवर निघालेले तरुण-तरुणी १९८६ च्या एप्रिलमध्ये जम्मूला पोहोचले. माणसांची ओळख त्यांच्या वाटांवरून चालल्याने होते, हा त्या यात्रेचा धडा. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस येथे मुक्काम ठेवून तीन दिवस सायकल चालवली, तर तोच धडा आपल्यालाही गिरवता येतो.

पहिल्या दिवशी शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीला जावे. १७३९ साली जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. बंजारा समाजाची ही काशीच. हा समाज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरे. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेलाही बंजाऱ्यांनीच धान्य पुरविले.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडील दारव्हा गाठावे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ रेल्वेची अरुंद वाट येथून जाते. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभी ती उभारली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत धावले. आता ती गाडीही थांबली आहे. परंतु देशात रेल्वे पसरली तेव्हा लमाणांचे बैल निरुपयोगी ठरले होते. भरीस भर म्हणजे १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. कित्येक प्रांतांत बंजारा तांडेही त्या संशयातून सुटले नाहीत. ज्यांनी देशाला मीठ पोहोचविले, त्यांच्याच मिठाला राज्यकर्ते जागले नाहीत. तो कायदा १९५२ साली रद्द झाला; मनातला संशय मात्र कायद्याने पुसला जात नाही.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडे पुसद. वऱ्हाडला समुद्र नाही, मग मिठाचा सत्याग्रह कसा करावा? १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला व अटक स्वीकारली. गुराढोरांवर जगणाऱ्यांच्या दृष्टीने गवताची ती पेंढी मिठाच्या चिमटीइतकीच मोलाची होती. याच पुसद तालुक्यातील गहुली या गावी १९१३ साली बंजारा कुटुंबात वसंतराव नाईक जन्मले आणि १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

वाचकहो, मोटारीतून जाणाऱ्याला या तीन गावांच्या मधे केवळ अंतर दिसते. सायकलस्वाराला चढावर उतरावे लागते, तहान लागते, वाटेवरच्या तांड्यात पाणी मागावे लागते. ज्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या संशय बाळगला गेला, त्यांच्याच हातचा तो तांब्या असतो. तो घेताना त्यांचे नाव-गाव आस्थेने विचारावे. पुस्तकांतून निसटलेला पुष्कळसा इतिहास तेथे बसून ऐकायला मिळेल.