खोकल्याचे औषध ते गर्द

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे अनेक कारखाने आहेत. रासायनिक उद्योगाच्या परिचयाचे एक द्रव्य म्हणजे ॲसेटिक अनहायड्राइड. त्याची सॅलिसिलिक आम्लाशी क्रिया केली की ॲस्पिरिन मिळते. मॉर्फिनशी केली की हेरॉइन. जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८ साली हेरॉइन खोकल्याचे औषध म्हणून विकायला काढले. त्याचे व्यसन लागत नाही, असा दावा पुरेशा तपासणीआधीच केला गेला. प्रत्यक्षात हा रेणू मॉर्फिनपेक्षा लवकर मेंदूत शिरतो, तेथे त्याचे पुन्हा मॉर्फिन होते आणि शरीर त्याच्या अधीन होते. १९८०च्या दशकात त्याचेच अशुद्ध रूप, ‘गर्द’, महाराष्ट्रातील तरुणांपर्यंत पोहोचले. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. १९९३ साली ॲसेटिक अनहायड्राइडवर सरकारी नियंत्रण आले. वर्गात ॲस्पिरिन शिकवताना त्याच्या या भावंडाची गोष्टही जरूर सांगावी.