दीनमित्र

सत्यशोधक विचारांचे मराठी साप्ताहिक. दीनबंधु (1877) या पत्राचे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे पुत्र मुकुंदराव पाटील (1885–1967) यांनी ते 1910 मध्ये अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोमठाणे येथे सुरू केले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी येथून 1967 पर्यंत चालविले. छापखाना शहरातच असावा, ही त्या काळची रूढ समजूत या खेड्यातल्या पत्राने मोडीत काढली.

वृत्तपत्रीय पक्षपात, म्हणजे बातमीची निवड व मांडणी एकाच वर्गाच्या दृष्टीने होणे, हा दीनमित्रच्या टीकेचा मुख्य विषय होता. पुण्याची राष्ट्रीय म्हणविणारी पत्रे परकीय सत्तेविरुद्ध बोलतात, परंतु कुलकर्णी, भट व सावकार यांच्या गावातील सत्तेबद्दल गप्प राहतात, असा त्याचा आरोप होता. सनातनी मंडळींना हे पत्र धर्मबुडवे वाटे, तर होमरूलच्या मागणीकडे संशयाने पाहणाऱ्या ब्राह्मणेतर पक्षाचे म्हणून राष्ट्रवादी त्याला सरकारधार्जिणे ठरवीत. त्यामुळे पुराणमतवादी कोण, या प्रश्नाचे उत्तर येथे सरळ देता येत नाही. संमतिवयाच्या कायद्याला (1891) केसरीने केलेला विरोध ध्यानात घेता, राजकारणात जहाल असणारे समाजकारणात सनातनी असू शकत, हे दीनमित्रकारांचे निरीक्षण मात्र नेमके होते. पोथीच्या परिचित घाटाचा उपयोग करून लिहिलेले मुकुंदरावांचे कुलकर्णीलीलामृत हे विडंबनकाव्य याच वादाचा भाग असून, अग्रलेखापेक्षा ते खेड्यातील श्रोत्याला अधिक जवळचे होते.